विनिपेगहून सांगलीला यायचं तर जानेवारीत या

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात कॅनडातल्या विनिपेगला निघतोय, मुलगी तीन वर्षांची आहे. तर दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला सांगलीला यायचं, द्राक्षांचा हंगाम गाठायचा आणि मार्चअखेर परतायचं, म्हणजे थंडी चुकेल का? मी तासगावचा, विनिपेगला बरीच वर्षं राहतोय. माझं उत्तर स्पष्ट आहे: असं करू नका. यायचं तर जानेवारीत या.

आकड्यांत बघितलं तर सगळ्यात कडक महिना जानेवारीच. रात्रीचं सरासरी तापमान उणे २०च्या आसपास असतं. पण तेव्हा अंगाला सवय झालेली असते, बूट दाराशी असतात आणि सगळं गावच त्या थंडीत असतं. मार्चअखेरचं परतणं वेगळं. सांगलीत ३६-३७ अंशांत सुती कपड्यांवर महिनाभर काढलेला असतो. मनानं उन्हाळा सुरू झालेला असतो. आणि विमानतळाचं दार उघडलं की उणे १२ आणि वर वारा. खरं सांगतो, जानेवारीतल्या उणे ३०नं मला कधी रडू आलं नाही, पण मार्चमधल्या या उणे १२नं भल्याभल्यांना आणलंय.

त्यातून फसवणूक करतं ते ऊन. २१ मार्चच्या सुमाराला सांगलीत आणि विनिपेगला दिवस जवळजवळ सारखाच, बारा तासांचा. खिडकीतून बघावं तर लख्ख ऊन, निळं आभाळ. वाटतं शर्टावर बाहेर जावं. पण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, जमीन तापतच नाही. वर बर्फाचं एक गणित आहे: शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. उरलेलं ऊनही बर्फच खाऊन टाकतो, म्हणून हा हिवाळा हलता हलत नाही. गॉगल मात्र मार्चमध्ये न विसरता वापरा, मुलीलाही घाला. डोळे फार दुखतात.

आता घर. रात्री दोनला टॅक्सीतून उतरून ड्राइव्हवेपाशी, म्हणजे गाडी घराशी न्यायच्या वाटेपाशी येता, तर रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं बाजूला सारलेल्या बर्फाचा बांध बरोबर त्या वाटेच्या तोंडाशी. मार्चमध्ये हा बांध दुपारी थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि आठवडाभरात दगड होतो. फावडं चालत नाही त्यावर. इथं लोखंडी पात्याचं आइस चिपर मिळतं, म्हणजे आपली छोटी पहारच. पहिल्याच हिवाळ्यात घेऊन ठेवा. बॅगा आधी त्या बांधावरून एकेक करून पलीकडे न्यायच्या, मग कडेवरची झोपलेली मुलगी. गाडीची बॅटरी तोवर बसलेली असते, कारण कडाक्याच्या थंडीत तिची निम्मी ताकदच उरत नाही. काच धुवायच्या टाकीत तुम्ही सप्टेंबरात साधं पाणी भरलं असेल तर त्याचाही दगड. तिथं उणे ४० पर्यंत चालणारं द्रव भरावं लागतं. आणि घरात खोबरेल तेलाची बाटली घट्ट गोठलेली. सांगलीत सकाळी हेच तेल तळहातावर पाण्यासारखं ओतलेलं असतं.

निघण्याआधी करायची एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, कारण तिच्यात लाखाचं नुकसान आहे. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. हीटर बंद पडला तर भिंतीतला पाइप फुटतो. घराच्या विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत अट असते की हिवाळ्यात घर काही दिवसांहून जास्त बंद असेल तर कुणीतरी येऊन बघून जायला हवं, नाहीतर पाणी मुख्य कॉकला बंद करून पाइप रिकामे करायला हवेत. तुमची पॉलिसी काढून ते कलम वाचा. भाड्यानं राहणार असाल तर घरमालकाला लेखी कळवा आणि किल्ली ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे द्या. आम्ही सगळे एकमेकांसाठी हे करतो, मागायला संकोच करू नका.

जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि मुलीचे बूट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मुंबईच्या विमानतळावर मार्चच्या उकाड्यात ते ओझं बघून सोडायला आलेले हसतील, हसू द्या. मोठी बॅग मागं राहिली तर पोराला टॉवेलात गुंडाळून घरी न्यावं लागतं, मी बघितलंय.

परतल्यावर घड्याळही बदललेलं असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथं ते एक तास पुढं करतात. भारताशी साडेअकरा तासांचं अंतर साडेदहा होतं. झोपेचं आधीच खोबरं झालेलं, त्यात हे. आणि याच दिवसांत पाडवा येतो.  घरून गुढीचे, आंब्याच्या डहाळीचे फोटो येतात, गच्चीवर कुरडया वाळतायत असा व्हिडिओ येतो, वर आई म्हणते, "काय उकडतंय गं बाई!" तुम्ही फोन खिडकीकडे वळवता. "अजून बर्फ?" अजून बर्फ. आम्ही गुढी खिडकीच्या आतल्या बाजूनं उभारतो. बाहेर खण ताठ होतो.

एप्रिल तरी सुटका करेल, असं धरू नका. १९९७च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विनिपेगवर एका वादळात अर्धा मीटर बर्फ पडला, आणि हिवाळाभर साठलेल्या बर्फाबरोबर तो वितळून शहरातून वाहणाऱ्या रेड नदीला शतकातला मोठा पूर आला. ही नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेत बर्फ वितळतो तेव्हा पुढं अजून गोठलेलंच असतं. १९६८ साली पुरा झालेला मोठा कालवा शहराला वळसा घालून पाणी नेतो, म्हणून शहर वाचलं. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा बघितलेल्या माणसाला हे ऐकून आत काहीतरी हलतं. तुम्ही घर घ्याल तेव्हा नदीपासूनचं अंतर आणि तळघरातला पंप दोन्ही बघा.

म्हणून जानेवारी. नाताळची गर्दी ओसरल्यावर तिकीट बहुधा उतरतं. संक्रांत घरी होते, हुरडा मिळतो, इथला सगळ्यात वाईट महिना टळतो. परत येता ते फेब्रुवारीत, तेव्हा हिवाळाच आहे हे मनाला पटलेलं असतं आणि रोज दिवस मोठा होताना दिसतो. द्राक्षंही हुकत नाहीत, लवकर छाटलेल्या बागा तोवर सुरू झालेल्या असतात. मुलगी शाळेत जायला लागली की हे जमणार नाही, पण तोवरची वर्षं तरी असं करा.

सासूबाईंना सांगलीचा उन्हाळा चुकवायला एप्रिलमध्ये आणू का, असंही विचारलंत. नको. एप्रिलमध्ये फुटपाथवर चिखल, बर्फ आणि वाळू एकत्र असते, त्या घराबाहेर पाऊल टाकू शकणार नाहीत. जूनमध्ये आणा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, जेवून चालायला जाता येतं. फक्त डास फार आहेत, त्यांना आधी सांगून ठेवा.