‘मी घालनाल!’

प्रश्न : ताई, माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. मला सकाळी साडेआठला निघावं लागतं आणि ती नेमकी तेव्हाच बूट पुढ्यात घेऊन बसते. ‘मी घालनाल!’ मी हात लावला की किंचाळते. परवा फारच उशीर झाला म्हणून मी तिला मांडीत घट्ट धरून बूट चढवले. तिने ते काढून फेकले, परत आणले आणि पहिल्यापासून घालायला घेतले. मी खूप ओरडले. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. हट्ट आत्ताच मोडा, असं घरचे म्हणतात. काय करू?

उत्तर : बूट परत आणून पहिल्यापासून घातले, हे वाचून मला हसूच आलं. रागावू नका. बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, हे नाटक दाराशी रोज बघितलंय. तिला बूट पायात नकोच होते हो, तिला ते घालायचे होते. तुम्ही तिचं काम पळवलंत. आपलं अर्धं सुटलेलं शब्दकोडं कुणी ओढून घेऊन पुरं केलं, तर आपण तरी आभार मानतो का?

तेव्हा मोडायचं काही नाही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने या वयाला ‘स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका’ असं भारदस्त नाव दिलं. घरात ते ‘मी घालनाल’ असंच ऐकू येतं.

पण साडेआठ वाजायचे थांबत नाहीत, हेही खरं. म्हणून आधी बूट बघा. मुलांना काढणं आधी जमतं, घालणं मागाहून. सैल चड्डी, पुढून उघडं जाकीट तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. बटणं त्यानंतर, आणि नाडी बांधायला बहुतेकांना पाच-सहा वर्षं लागतात. नाडीचे बूट असतील तर ते बाजूला ठेवा, वेल्क्रोचे आणा. मग काम उलटीकडून शिकवा : पाय तुम्ही सरकवायचा, पट्टा तिने चिकटवायचा. ते हातात बसलं की टाच आत ढकलणंही तिच्याकडे. शेवट तिच्या हातून झाला की सगळं तिनेच केलं, अशी तिची खात्री असते.

डाव्या-उजव्यासाठी एक स्टिकर मधोमध कापा आणि एकेक अर्धा दोन्ही बुटांत आतून चिकटवा. चित्र जुळलं की बूट बरोबर. नाही जुळलं तर राहू द्या. माझा मुलगा एकदा दुपारभर उलटे बूट घालून बदकासारखा फिरला, मला संध्याकाळी कळलं. आणि मी म्हणे शिक्षिका!

सराव मात्र सकाळी नको. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत बटणांच्या, नाड्यांच्या लाकडी चौकटी असतात, त्या याचसाठी : कुठेही जायचं नसताना बोटांनी निवांत खटपट करावी. तुम्ही संध्याकाळी बूट काढून द्या आणि शेजारी नुसत्या बसा. हात मांडीवर!

तरी एखाद्या सकाळी तुम्हालाच घालावे लागतील. ‘आज मी घालते, संध्याकाळी काढायचे तू’ असं आधी सांगा. ती रडेलच, रडू द्या. ओरडलात, तर त्याच दिवशी ‘मी ओरडले, माझं चुकलं’ म्हणा. एवढंच, लांबण नको.

प्रश्न : नातू साडेतीन वर्षांचा. हरवलेल्या हत्तीच्या पिल्लाची, मीच रचलेली गोष्ट त्याला रोज झोपताना हवी. दोन महिने झाले. एक शब्द बदलला तरी ताडकन उठून बसतो. मी कंटाळलो. नव्या गोष्टीकडे वळवायची काही युक्ती?

उत्तर : आजोबा, युक्ती नाही. पुढे काय होणार ते ठाऊक असणं हीच त्याची मजा, आणि तेच तेच ऐकून शब्दही पक्के होतात. तुम्ही वाक्य अर्ध्यावर सोडून बघा, पुढचा शब्द तो घालेल. काही दिवसांनी गोष्ट तो सांगेल आणि घोरायला तुम्ही लागाल. तेवढी ती लिहून ठेवा आणि आम्हालाही पाठवा. पिल्लू सापडतं ना शेवटी?