केमोच्या आधी केसांचं काय करायचं?

या महिन्याच्या टपालात स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांत जाणाऱ्या केसांबद्दल तीन पत्रं आहेत. मी बरीच वर्षं पुण्यात केमोच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर म्हणून काम करते. 'केसांचं काय एवढं, परत येतील' हे भेटायला आलेल्यांच्या तोंडून मी सतत ऐकते, आणि ते ऐकून गप्प झालेल्या बायकाही बघते. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांची, शाळेत शिकवते. डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केमो सुरू होईल. आधी तीन-तीन आठवड्यांनी चार 'लाल' डोस, मग दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा पॅक्लिटॅक्सेल. माझे केस कमरेपर्यंत आहेत. आधीच कापू, की गळेपर्यंत थांबू? थंड टोपीने केस वाचतात असं मैत्रीण म्हणते, ते खरं का? सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. केस कापायचं नाव काढलं की 'सवाष्णीने असं करू नये' म्हणून रडायला लागतात. मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. तोवर केस येतील का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आधीच कापा. पहिल्या डोसच्या आधी, तुमच्या सवडीने, तुम्ही निवडलेल्या माणसाकडून.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच गटातलं एपिरुबिसिन. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ते मारा करतं, आणि केसांच्या मुळाशी तशाच पेशी असतात. पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळती सुरू होते. त्याच्या एक-दोन दिवस आधी टाळू दुखायला लागते, उशीवर डोकं टेकवलं तरी ठणकतं. मग कंगव्यात पुंजके येतात. लांब केसांची खरी अडचण इथे असते. सुटलेला केस खाली पडत नाही, न सुटलेल्यांत अडकून बसतो. नहाणं झालं की सगळ्याचा मिळून मानेवर घट्ट गोळा होतो, आणि तो ना विंचरता येतो ना सोडवता. असे गोळे कात्रीने कापून काढताना मी बायकांना जेवढं रडताना पाहिलंय, तेवढं सुई टोचताना पाहिलेलं नाही. बॉयकट असेल तर तेच केस बारीक बारीक गळतात आणि रुमालात गोळा होतात.

वेणी जपून ठेवायची असेल तर केस धुऊन पूर्ण वाळवा, तेल लावू नका. वेणी घाला, वर आणि खाली रबर लावा आणि वरच्या रबराच्या वर कात्री चालवा. ओली वेणी ठेवलीत तर बुरशी धरते. एका डोक्याच्या केसांत पूर्ण विग सहसा होत नाही, पण स्कार्फखालून दिसेल अशी पुढची झालर होऊ शकते. कारागिराला ते आधी विचारून घ्या.

गळायला लागल्यावर उरलेले काढायचे झाले तर मशीन वापरा, वस्तरा नको. त्या काळात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या असतात. साधं खरचटलं तरी ते चिघळू शकतं. थ्रेडिंगही तेव्हा नको. भुवया आणि पापण्या बहुतेकींच्या डोक्यावरच्या केसांनंतर, पुष्कळदा पॅक्लिटॅक्सेलच्या दिवसांत विरळ होतात. म्हणून आत्ताच भुवयांचा समोरून एक स्वच्छ फोटो काढून ठेवा, पुढे पेन्सिलने रेघ ओढताना तो समोर धरता येईल. पापण्या गेल्या की धूळ सरळ डोळ्यांत जाते, तेव्हा रस्त्यावर साधा चष्मा लावा.

आता थंड टोपी. मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. यंत्राला जोडलेली ती टोपी औषध सुरू व्हायच्या साधारण अर्धा तास आधी घालतात, आणि औषध संपल्यावरही तास-दीड तास डोक्यावर ठेवतात. गारव्याने टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात टोपी घातलेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींचे निम्म्याहून जास्त केस टिकले. न घातलेल्यांपैकी एकीचेही टिकले नाहीत. मात्र हा फायदा मुख्यतः पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं घेणाऱ्यांना झाला. लाल औषधवालींमध्ये तो बराच कमी होता. तुमच्या चार डोसांत केस जाण्याचीच शक्यता जास्त, हे धरून चाला. शिवाय ही सोय सगळीकडे नसते आणि खर्च वेगळा पडतो. डॉक्टरांना सरळ विचारा : माझ्या औषधांवर याचा किती उपयोग होईल आणि प्रत्येक वेळी किती पैसे लागतील? आणि कृपा करून घरी फ्रीजरमधला बर्फ डोक्याला बांधून बसू नका. त्याने टाळू भाजल्यासारखी होते, बाकी काही हाती लागत नाही.

विग घ्यायचा असेल तर केस असतानाच घ्या. रंग, भांग, कपाळाची रेघ जुळवायला कापलेली एक बट बरोबर न्या. मागे ताणून बसवायची पट्टी असलेला बघा, कारण केस गेल्यावर डोक्याचा घेर कमी होतो. कृत्रिम केसांचा विग घालून गॅससमोर उभ्या राहू नका. तापलेल्या तेलावर किंवा कुकरच्या वाफेवर वाकलात तरी पुढच्या बटा आखडतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. स्वयंपाकघरात सुती रुमालच बरा. रुमालासाठी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडा, रेशमी कापड गुळगुळीत टाळूवरून घसरतं. बाहेर जाताना तर पुण्यात सोय आयतीच आहे. दुचाकीवरच्या निम्म्या मुली डोळे सोडून सगळं डोकं स्कार्फमध्ये गुंडाळून फिरतात, त्यात तुमच्याकडे कोण वळून बघणार! हेल्मेट घालाल तेव्हा आत पातळ सुती टोपी घाला.

सासूबाईंचं रडणं मात्र माझ्या मनाला लागलं. तुम्ही राहता ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणं. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी सुरू केलेला आश्रम पुढे तिथेच गेला. आगरकरांनी 'सुधारक' पत्रात विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहिलं तेही याच शहरात. तरी ती चाल घराघरांतून जायला फार काळ लागला. ८२ वर्षांच्या बाईने लहानपणी घरात विधवेचं आलवण नेसलेली, डोकं भादरलेली एखादी आत्या किंवा आजी पाहिलेली असू शकते. त्यांच्या डोळ्यांपुढे तेच येत असेल. त्यांना तुमचं कुंकू जाण्याची भीती वाटते आहे, तुमचा राग नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. डॉक्टरांना भेटायला एकदा त्यांना बरोबर न्या आणि औषधाने केस जातात हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. केस एकदम न कापता आधी खांद्यापर्यंत करा, चार दिवसांनी बॉयकट. आणि त्यांच्याकडे काम द्या. टोप्या शिवू देत. टाळूवर जखम, पुरळ नसेल तर झोपताना चार थेंब खोबरेल त्यांनाच लावू देत. हात लावला की डोळ्यांची भीती कमी होते, हे मी वॉर्डात अनेक सासवांच्या आणि आयांच्या बाबतीत पाहिलं आहे.

लग्नाचं खरं सांगते. वेळापत्रक चुकलं नाही तर शेवटचा डोस नोव्हेंबरअखेर होईल. त्यानंतर काही आठवड्यांत लव दिसू लागते, मग महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढ. फेब्रुवारीत डोक्यावर अगदी आखूड केस असतील, कदाचित कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे. त्यांचा अंबाडा होणार नाही. विगचा अंबाडा होईल, त्यावर गजराही माळता येईल. किंवा त्या आखूड केसांनिशी, पैठणी नेसून, मुलीच्या शेजारी उभ्या राहा. दोन्हींत कमीपणा नाही. मात्र विगचाच विचार असेल तर लग्नाआधी तो रोज तासभर घालून सवय करा. मांडवात पहिल्यांदाच दिवसभर घातलात तर डोकं धरेल.

प्रश्न : माझ्या पत्नीचे केस कालपासून गळू लागले. ती दार लावून बसते, आठ वर्षांच्या मुलालाही जवळ येऊ देत नाही. तिला साथ म्हणून मी टक्कल करावं असं मित्र सुचवतात. करू का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : आधी तिला विचारा. आपल्याकडे घरातल्या पुरुषाने डोकं केलं की शेजारी पहिला प्रश्न करतात, 'कोण गेलं?' ते उत्तर दिवसभर तिलाच द्यावं लागेल. तिने हो म्हटलं तर जरूर करा.

त्यापेक्षा आज संध्याकाळी हे करा. ती नहाणीघरातून बाहेर आली की काही न बोलता जाळीवरचे केस तुम्ही उचला. उशीचा अभ्रा रोज बदला. मुलाला तुम्ही दोघांनी मिळून सांगा : आईच्या औषधाने केस जातात, तुला हे होणार नाही, तुझ्यामुळे झालेलं नाही, आईला मिठी मारली तर चालते. मुलं मनातल्या मनात स्वतःलाच दोष देतात, म्हणून 'तुझ्यामुळे झालेलं नाही' हे वाक्य गाळू नका. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा की केसांबद्दल काही बोलायचं नाही. तिने रडायला सुरुवात केली तर समजूत घालू नका, शेजारी बसा.

प्रश्न : केमो लागली नाही, फक्त रेडिएशन झालं. आता लेट्रोझोल चालू आहे आणि भांग रुंद होतो आहे. गोळी बंद करू का? केसांना मेंदी चालेल का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून ती आहे. स्तनावरच्या रेडिएशनने डोक्यावरचे केस जात नाहीत, फार तर काखेतले जातात. लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन अशा गोळ्यांनी मात्र केस विरळ होऊ शकतात, टक्कल सहसा पडत नाही. थायरॉइड, लोह आणि बी१२ तपासून घ्या, कारण वयाच्या या टप्प्यावर दोष अनेकदा तिथेही निघतो. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध टाळूला लावायचं का, तेही त्यांनाच विचारा.

मेंदी पाल्याची असेल तर चालेल. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा केस काळे करणारं रसायन असतं आणि टाळूला त्याची ॲलर्जी येऊ शकते. कुठलीही मेंदी असो, आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस बघा.