सुजलेल्या दाढेचा निर्णय

बेटा,

तुझा निरोप मिळाला. डॉक्टर म्हणतात चारही अक्कलदाढा काढून टाका, आई म्हणते हात लावू देऊ नको, आणि तू मधात अडकलास. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून दुकान बंद केल्यावर लिहायला बसलो. मी दातांचा डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात उभा राहणारा माणूस आहे. पण आपल्या तालुक्यात गाल धरून निघालेला माणूस आधी मेडिकलवर येतो आणि मग, जमलं तर, डॉक्टरकडे जातो. कोणाचं पुढे काय झालं ते मला दिसत राहतं.

आधी चारही दाढा एका दावणीला बांधणं सोड. प्रत्येकीचा हिशेब वेगळा. वरच्या बहुतेक वेळा मुकाट्यानं उतरतात, आणि काढायच्या झाल्याच तर लवकर निघतात. भांडण असतं ते खालच्या जबड्यात. तिथलं हाड टणक, जागा कमी. मग दाढ पुढच्या दाढेला टेकून तिरपी नाहीतर पार आडवी बसते. तुझी उजवीकडची तशीच अर्धवट वर आली आहे आणि तिच्यावर हिरडीची टोपी आहे. त्या टोपीखाली भाकरीचा कण जातो, ब्रश जात नाही. आत घाण साचून हिरडी सुजते, वरची दाढ त्याच सुजीवर चावते, कानापर्यंत ठणका जातो, तोंड उघडेना होतं. गोळ्यांनी चार-पाच दिवसांत उतरतं. टोपी मात्र जागच्या जागीच राहते, म्हणून पुन्हा होतं.

दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक मी लांबूनच ओळखतो. "भाऊ, मागच्या टायमाचीच गोयी द्या, जराशी पावरची." चिठ्ठी नसते. उपाशीपोटी पेनकिलर खाऊन पोटात आग पडलेली असते, ती विझवायला आणखी एक गोळी हवी असते. काहीजण तर ॲस्पिरिनची गोळी चुरून हिरडीवरच दाबतात. त्यानं हिरडी पांढरी पडून भाजते, दुखणं तिथंच राहतं. तूही दिवाळीत एकदा आणि आता पुन्हा, असं दोनदा सुजवून घेतलंस आणि दोन्ही वेळा गोळ्यांवर निभावलंस. तिसऱ्यांदा तसं करू नको, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत काही मी हवेतून काढलेलं नाही. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था सरकारी दवाखान्यांना उपचारांचे नियम घालून देते. त्यांनी २००० सालीच सांगितलं की, त्रास नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढेमागे दुखेल म्हणून काढायची नाही. हिरडी एकदा सुजली, फार जोरात नसेल, तर तेवढ्यावरूनही नाही. दुसऱ्यांदा सुजली तर मात्र काढण्याचा विचार करावा. अमेरिकेत उलट, कॉलेजच्या वयातच चारही काढून मोकळं होण्याची रीत मोठी आहे. म्हणजे तुझे डॉक्टर काही जगावेगळं बोलले नाहीत. तरी मला ब्रिटनची रीत पटते. तुझ्या वरच्या दोन्ही सरळ आहेत, ब्रश पोचतो, किडलेल्या नाहीत. त्यांना कशाला छेडायचं? खालची काढल्यावर वरची मोकळी लोंबून समोरच्या हिरडीला टोचेल, असं डॉक्टर म्हणाले तर ते कारण खरं आहे, ते ऐक. ‘पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा’ हे मात्र ऐकू नको; त्याला भक्कम पुरावा नाही.

डाव्या खालच्या दाढेचं मला इथून सांगता येणार नाही. तिथं ओपीजी लागतो, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच मोठा एक्स-रे. त्यात तीन गोष्टी बोट ठेवून विचार. पुढच्या दाढेची मागची बाजू किडते आहे का? हे सर्वांत महत्त्वाचं, कारण आडवी दाढ वाचवताना चांगली चावायची दाढ जायची. दाढेभोवती पाण्याची गाठ दिसते का? आणि मुळं नसेच्या किती जवळ आहेत? खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला जाणारी नस तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर त्या बाजूचा ओठ बधिर राहतो. बहुतेकांचा काही आठवड्या-महिन्यांत पूर्ववत होतो, क्वचित कोणाचा कायमचा बधिर राहतो. नस फारच जवळ असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करतात, आणि कधीकधी दाढेचा वरचा भाग तेवढा कापून मुळं आतच ठेवतात. हे काम जबड्याच्या सर्जनकडेच कर. नागपूरला मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. रांग लागते, एक दिवस मोडतो, पण शिकवणारी माणसं तपासतात.

आता खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. तू लिहिलं नाहीस, पण पानठेल्यावर पन्नी घोटत उभा असलेला मी पाहिला आहे तुला. आरशासमोर उभा राहा आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी तोंडात घालून बघ. आता सूज आहे, तेव्हा जाणार नाहीत. सूज उतरल्यावर पुन्हा बघ. तेव्हाही दोनच गेली, ठेचा पूर्वीपेक्षा जास्त झोंबत असेल, गालाच्या आतून पांढरट, ताठ पट्टे हाताला लागत असतील, तर ते दाढेचं नाही, सुपारीचं आहे. दाढेमुळं मिटलेलं तोंड उघडतं. सुपारीनं मिटत गेलेलं आपोआप उघडत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सरही होतो. शिवाय दोन बोटं उघडणाऱ्या तोंडात सर्जनचा हात मागच्या दाढेपर्यंत पोचणार कसा? डॉक्टरला खर्रा लपवू नको, रोजच्या किती पन्न्या तेही सांग. आईसमोर नाही सांगता आलं तर आईला बाहेर बसव.

काढायचं ठरलं तर सुजलेली असताना हट्ट करू नको. आधी सूज उतरवतात, मग काढतात. वय तुझ्या बाजूनं आहे, विशीत हाड थोडं मऊ असतं, तिशीनंतर तेच काम जड जातं. सोयाबीन घरात आलं की कापूस वेचायच्या आधी जे दिवस मिळतात ते बघ, आणि भरतीची मैदानी चाचणी जवळ नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सर्वांत जास्त सुजतो, तेव्हा घाबरू नको. पहिला दिवस बाहेरून बर्फ लाव, जोरात गुळण्या नको, स्ट्रॉनं काही ओढू नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी हलकेच. खायला ताकातल्या कण्या, गार आंबील, गिच्च वरणभात. विडी-खर्रा अजिबात नको; खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका सुटतो की माणूस भिंतीला डोकं लावून बसतो. तसं झालं तर गोळी वाढवू नको, डॉक्टरकडे परत जा. ते खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात.

आईचं म्हणणं, "दाढ उपडली का डोये जातेत." तिच्यावर चिडू नको. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी, खालच्या दाढेचा आणि नजरेचा संबंधच नाही. हे तुझ्यापेक्षा माझ्याकडून ऐकेल. तिला दुकानात घेऊन ये.

आणि मध्येच कधी ताप येऊन जबड्याखाली, गळ्याकडे सूज उतरली, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नको. त्याच रात्री १०८ ला फोन कर. ही सूज श्वास अडवू शकते.

ओपीजी काढला की त्याचा फोटो मला पाठवू नको, मला त्यातलं कळत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तेवढं कागदावर लिहून आण आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत असू दे. तुला ॲसिडिटी आहे, पेनकिलर कोणती लिहिली ते मला पाहायचं आहे.

तुझे,
मेडिकलवाले काका