गाण्यात कवितेची गाठ

प्रश्न : आम्ही वर्तकनगरला राहतो. सोसायटीतले आठ-दहा जण कोजागिरीला गच्चीवर जमतो, प्रत्येकाने आपलं जीवापाड आवडतं एक गाणं लावायचं आणि जोडीला एक छोटी कविता वाचायची असं ठरलेलं. गेल्या वर्षी पार खिचडी झाली. अभंग संपतोय तोवर कोणीतरी गझल लावली, मग इंग्लिश, मधेच एकाने स्वतःची तीन पानी कविता काढली, तोपर्यंत मसाला दुधावर जाड साय. बायको म्हणते यंदा नुसती भेळ ठेवा. काही मार्ग आहे का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : भेळ ठेवाच, पण गाणी बंद करू नका हो. गाणी वेगवेगळ्या तऱ्हेची होती म्हणून खिचडी झाली नाही, गाणं एकीकडे आणि कविता एकीकडे अशी शाळेच्या गॅदरिंगसारखी रांग लावलीत म्हणून झाली. कव्वालीत काय करतात बघा. कव्वाल एक ओळ धरून बसतो, ती घोळवतो घोळवतो आणि मधेच भलत्याच कवीचा शेर आणून बसवतो, कधी फारसी कधी पंजाबी, आणि फिरून मूळ ओळीवर येतो, तेव्हा ती मघाची ओळ मघासारखी राहिलेली नसते. याला गिरह म्हणतात, गिरह म्हणजे गाठ. नुसरत फतेह अली खानांची एखादी लांबलचक कव्वाली या कानाने ऐका, गाठी दिसायला लागतील. आणि हे आपल्याला काही नवीन नाही, कीर्तनात बुवा निरूपणाला अभंग घेतात तुकोबांचा आणि मधेच प्रमाण देतात ज्ञानेश्वरीतल्या ओवीचं, टाळकरी ते उचलतात, परत मूळ चरण.

आता तुमच्या इंग्लिशवाल्याला गप्प करू नका. अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायली, त्याचा 'अमेझिंग ग्रेस' म्हणून अल्बम आहे. त्यात तिने 'प्रेशस लॉर्ड' हे चर्चमधलं जुनं भजन आणि कॅरोल किंगचं 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' हे तेव्हा अगदी ताजं पॉप गाणं एकात एक ओवलंय. रेडिओवर ज्या गाण्यातला मित्र म्हणजे साधा मित्र होता तो तिथे देव होऊन बसतो! ही पण गाठच की. अल्बमच्या नावाचं जे गाणं आहे ते जवळजवळ अकरा मिनिटं चालतं, आणि समोरची माणसं जी ओरडून साथ देतात ना, ते ऐकून मला आमच्या गावचा हरिनाम सप्ताह आठवला, खोटं नाही सांगत.

तर यंदा असं करा. आधी ज्ञानेश्वरांचं 'पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे' लावा, लताबाईंचं, चाल हृदयनाथांची. गाण्यातली वाट बघणारी बाई कावळ्याला म्हणते उड रे बाबा, तुझे पाय सोन्याने मढवते, पण पंढरीराव घरी कधी येणार ते सांग. गाणं संपलं की स्पीकर बंद, आणि सूफी संत बाबा फरीदांच्या नावावर सांगतात तो दोहा कोणीतरी नुसता बोलायचा, चाल नाही काही नाही –

कागा सब तन खाइयो, चुन चुन खाइयो मांस
दो नैना मत खाइयो, मोहे पिया मिलन की आस

दोन्हीकडे कावळा, दोन्हीकडे वाट बघणं, पण एकीकडे पायाला सोनं आणि दुसरीकडे अंगाचं मांस. मग तेच गाणं परत पहिल्यापासून लावा. मी हे घरी करून बघितलंय, दुसऱ्यांदा कोणी फोन बघत नाही.

बाकी बारीकसारीक. कविता चार ओळींची, शक्यतो पाठ. समजावून सांगायला बंदी. तीन पानीवाल्या काकांनाही चार ओळी द्या, बघा कोणत्या निवडतात. ब्लूटूथ एकाच माणसाकडे, आणि तो माणूस ते काका नकोत.

प्रश्न : दूरदर्शनवर 'महाश्वेता' लागायची तेव्हापासून 'भय इथले संपत नाही' ऐकलं की मला रडू येतं. पण ग्रेसची कविता मला कळत नाही. न कळता रडणं म्हणजे ढोंग का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नाही. मी स्वतः ग्रेस समजून घ्यायला तीनदा पुस्तक उघडलं आणि तीनदा चहा टाकायला उठले. पण लताबाईंचा तो आवाज लागला की अर्थ कुठून तरी आत येऊन बसतो, सांगता येत नाही एवढंच. कळूनसुद्धा टोचणारं हवं असेल तर बहिणाबाई शेजारी ठेवा –

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

यात न कळण्यासारखं काय आहे? एक बाई, लिहिता-वाचता न येणारी, शेतातलं ढोर बघून बोललीय. आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून हे मनात म्हटलं की आपलंच ढोर कुठल्या पिकात शिरलंय ते लगेच दिसतं.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, दिवसभर हेडफोन लावून कोरियन गाणी. तिला कुमार गंधर्व ऐकवायचे आहेत. कसे?
– एक आई, खारघर

उत्तर : आधी तुम्ही तिची तीन गाणी पूर्ण ऐका, चेहरा वाकडा न करता, आणि त्यातलं एक खरंच आवडलं तरच आवडलं म्हणा कारण त्यांना खोटं लगेच कळतं. मग कुमारजींबद्दल एवढंच सांगा की क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद होतं, अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं कानावर पडायची, आणि उठल्यावर हा माणूस असा गायला. 'उड जायेगा हंस अकेला' लावा आणि खोलीतून निघून जा. राग कोणता, ताल कोणता हे ती विचारेल तेव्हा सांगा. नाही विचारलं तर कांदे चिरायला घ्या.