गर्भातल्या उंदराच्या मेंदूत जीन (जनुक) घालतात, ते बीटी कापसासारखंच असतं का? आणि सुई टोचल्यावर ते पिल्लू जगतं कसं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी अमळनेरकडचा. आमच्याकडे जीन म्हटलं की आधी सरकी वेगळी करणारी कापसाची जीनच आठवते. पीएचडीच्या वेळी आजीला सांगितलं, जीनवर काम करतो, तर ती म्हणे, "मंग पुनाले कसाले जास? आठेच शे ना जीन." (मग पुण्याला कशाला जातोस? इथेच आहे ना जीन.)

बीटी कापसाशी तुलना इथे बसत नाही. बीटीचा जीन झाडाच्या प्रत्येक पेशीत असतो आणि सरकीतून पुढच्या पिढीत जातो. इथे तो मेंदूच्या एका बाजूच्या काही पेशींतच शिरतो. त्या उंदराची पुढची पिल्लं साधीच निपजतात. आम्ही घालतो ते प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं लहानसं कडं. ते सहसा पेशीच्या गुणसूत्रांत मिसळत नाही, पेशी विभागत गेल्या की विरळ होतं.

आता सुईचं. उंदराचा गर्भकाळ १९-२० दिवसांचा. साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी मादीला भूल देऊन पोटावर छोटा छेद घेतात आणि गर्भाशय अलगद बाहेर काढतात. चवळीच्या शेंगेत दाणे दिसावेत तशी पिल्लं ओळीने दिसतात, एकेक जेमतेम सेंटीमीटरभर. पिल्लू गर्भाशयातून बाहेर काढायचंच नाही, म्हणून तर ते जगतं. बाजूने दिवा धरला की भिंतीतून डोकं दिसतं. काचेची नळी तापवून, ओढून केसासारखी बारीक केलेली असते. तिने मेंदूतल्या पोकळीत मायक्रोलिटरभर द्रावण सोडायचं. त्यात हिरवट रंग मिसळलेला असतो. नेम बरोबर बसला तर आत चंद्रकोर उमटते. पसरट डाग दिसला, तर हुकलं म्हणून समजा.

मग चिमट्यासारखे इलेक्ट्रोड डोक्याला दोन्हीकडून लावून ३०-४० व्होल्टचे पाच झटके, प्रत्येकी ५० मिलिसेकंदांचे. पेशींच्या आवरणाला क्षणभर छिद्रं पडतात. डीएनए ऋणभारित, म्हणून तो धन इलेक्ट्रोडकडे ओढला जातो. इलेक्ट्रोड उलटे धरले की जीन भलत्याच बाजूला! हे मी केलंय, आणि आठवडाभर कोरे मेंदू कापत बसलोय. व्होल्ट जास्त झाले तर पिल्लाचं हृदय थांबतं, तेही पाहिलंय. सगळा वेळ गर्भाशयावर कोमट सलाईन थेंबथेंब सोडावं लागतं. अर्ध्या तासात सगळं आत ठेवून टाके घालायचे. मादी शुद्धीवर येते, पुढे नेहमीसारखी विते. अर्थात प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय यातलं काहीच करता येत नाही.

ही पद्धत २००१ च्या सुमारास आली, त्यात जपानी संशोधकांचा वाटा मोठा. फायदा असा की दिवस निवडला की पेशीही निवडता येतात. तेराव्या दिवसाच्या आसपास केलं तर मेंदूच्या सालीतले खालचे थर सापडतात, पंधराव्याला वरचे, कारण नव्या पेशी जुन्यांना ओलांडून वर चढतात. २००३ मध्ये मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, डबलकॉर्टिन नावाचा जीन असाच दाबला, तर पेशी वाटेतच अडकल्या. माणसात हाच जीन बिघडला की मेंदूची घडण चुकते, मुलांना फिट्स येतात.

जेलीफिशचा चमकणारा जीन सोबत घातला असेल, तर जन्मलेल्या पिल्लाची कवटी अजून इतकी पातळ असते की निळ्या प्रकाशात धरलं की डोक्याच्या एका बाजूला हिरवा ठिपका कातडीतूनच चमकतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि घरी फोन करावा की नाही, तेच कळेना.