चोकच्या आधारावर चालणारे इंजिन

प्रश्न : आमचे गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आहे. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही वर्गणी काढून एक बोट आणि तिच्यासाठी दोरी ओढून सुरू करायचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन घेतले. वर्षभर ते शेडमध्ये पडून असते. यंदा तपासले तेव्हा चोक ओढल्यावर ते सुरू झाले, पण चोक आत ढकलताच बंद पडू लागले. अर्धा चोक ठेवला तर चालत राहते. पुरात तसेच चालवावे, की चोक बदलून घ्यावा?
– एक वाचक

उत्तर : चोक बदलू नये, आणि अर्धा चोक ठेवून बोट पुरात तर मुळीच नेऊ नये. आपला चोक त्याचे काम चोख करतो आहे; दोष दुसरीकडे असून तो चोकमुळे झाकला जातो, एवढेच.

चोक ही कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडावरची झडप असते. ती मिटली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त खेचले जाते, आणि थंड इंजिनाला सुरू होताना तेवढेच हवे असते. मात्र तापलेले इंजिनही चोकशिवाय तग धरत नसेल, तर त्याला पेट्रोल अपुरे मिळत आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरत आहे, असे समजावे. टू-स्ट्रोक इंजिनात ही गोष्ट फार गंभीर ठरते, कारण ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते, आणि जोर लावून चालवताना पिस्टन जाम होऊ शकतो. माणसे बोटीत असताना हे घडू देणे परवडणारे नाही.

प्रथम टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, ते पाहावे. पेट्रोलच्या पाइपवरील रबरी फुगा त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवून घट्ट होईपर्यंत दाबावा. इंजिन बंद पडू लागताच एकाने फुगा दाबत राहावे. त्याने इंजिन सावरले, तर दोष पाइप, गाळणी किंवा पेट्रोल पंपात आहे. सावरले नाही, तर कार्बोरेटरच्या कमी वेगाच्या जेटवर संशय घ्यावा. पडून राहिलेले पेट्रोल आटून त्याचा चिकट थर नेमका याच बारीक छिद्रात बसतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी भागांनाही मानवत नाही. कार्बोरेटर खोलून क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा, जेटमध्ये तार घालू नये, कारण छिद्र थोडे जरी मोठे झाले तरी प्रमाण बिघडते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेरे आत होता, हे लिहून ठेवावे. जुने गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ चकती, पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा. जादा हवा बहुधा तेथूनच शिरते.

चोकची शंका उरू नये म्हणून हवेचे झाकण काढून दुसऱ्याला बटण ओढायला सांगावे. झडप पूर्ण मिटली आणि पूर्ण उघडली की झाले. ती मिटलेलीच अडकली, तर लक्षणे उलट दिसतात : धूर वाढतो आणि प्लग काळा व ओला निघतो.

चाचणी पाण्याच्या पिंपातच घ्यावी, आणि पाणी इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीच्या वर असावे. कोरडे चालवल्यास पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र थोड्याच वेळात जळते. पेट्रोल आणि ऑइलचे मिश्रण ताजे असावे. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण दिले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल पुरते. इंजिन तापून चोकशिवाय स्थिर चालू लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्थितीत पुन्हा सुरू करून पाहावे.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी तिकडे चढू लागल्यावर कार्बोरेटर खोलायला वेळ मिळत नाही, म्हणून हे काम पावसाळ्याआधीच उरकावे. पूर ओसरल्यावर इंजिन ठेवून देताना पेट्रोलचा पाइप काढून, ते पिंपात आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल.