आण्णांची कंबरदुखी आणि मागचं ऑपरेशन

प्रश्न : डॉक्टर, आमच्या आण्णांचं (वय ६१) मागल्या वर्षी लिंगाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठीपण काढल्या. आता महिनाभर कंबर लई दुखतीय, रात्री आडवं झालं की जास्तच. घरातले म्हणतात उसाच्या कामानं भरलीय, तालमीतल्या वस्तादांकडून चोळून घेऊया. हा रोग हाडात जातो का? आण्णा लाजेनं कुणाला काही सांगूपण देत नाहीत.
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : आधी ते चोळणं थांबवा. वस्तादांचा हात लचक काढायला चांगला असेल, पण मणका आतून पोखरला असेल तर दाबल्यावर पिचकू शकतो.

हाडात जातो का, तर जातो, पण क्वचित. हा कॅन्सर बहुतेक वेळा आधी जांघेतल्या गाठींत, मग ओटीपोटातल्या गाठींत आणि त्यानंतर कुठं फुप्फुस, लिव्हर, हाडं असा पसरतो. मणक्याला मात्र एक आडवाट आहे. १९४० मध्ये बॅटसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मृतदेहाच्या लिंगावरच्या शिरेत रंग सोडला तर तो मणक्याभोवतीच्या शिरांत पोचलेला दिसला, या शिरांना झडपा नसतात त्यामुळं रक्त उलटंसुलटं कुठंही वाहतं.

म्हणून आण्णांना तेच झालंय असं नाही हं, या वयात मणक्याची झीजपण असतेच. पण कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची नवी आणि रात्री वाढणारी कंबरदुखी नुसत्या गोळ्या-पट्ट्यावर ढकलायची नाही. साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निवांत बसू नका, हाड बरंच पोखरल्याशिवाय त्यात दिसत नाही. पूर्ण मणक्याचा एमआरआय करा आणि रक्तातलं कॅल्शियम बघा. ते वाढलं तर तहान, बद्धकोष्ठ, गुंगी असं सुरू होतं.

पायातली ताकद कमी वाटली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. मज्जारज्जू दबला की स्टेरॉइड, रेडिएशन, कधी ऑपरेशन, हे सगळं लगेच लागतं, एकदा चालणं गेलं की परत येईलच असं नाही.

मणक्यात निघालाच तर पूर्ण बरा होणं अवघड, हे लपवत नाही. पण रेडिएशननं दुखणं बऱ्याच जणांचं उतरतं, कधी एका सिटिंगमध्येपण भागतं. हाडं टिकवायचं झोलेड्रोनिक इंजेक्शन द्यायच्या आधी दात दाखवून घ्या, मिशरी-तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका, डॉक्टरांनी सांगितलंय तसं घेतलं तर व्यसन सहसा लागत नाही.

आता लाजेचं. हाडांच्या डॉक्टरांना आधीचं ऑपरेशन माहीतच नसेल तर ते पट्टा आणि पेनकिलर देणार, त्यांचा काय दोष? तोंडानं बोलवत नसेल तर ऑपरेशनची आणि बायोप्सीची फाइल नुसती टेबलावर ठेवायला सांगा आण्णांना. रेशनकार्ड, आधारपण सोबत असूद्या, महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, खर्चाचं आधी त्याला विचारा.